शेंदूर खाल्लेली डोलकाठी

लग्न होऊन मी धरणाकाठच्या भोयांच्या घरात आले, तेव्हा नावेतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. माहेर नांदेडकडचं, गोदाकाठचं. तिथं बापाची नाव बांबूनं रेटायची. शिडाची नाव मी कधी डोळ्यानं पाहिलेली नव्हती. पण तोंड असं चालायचं, की सासरच्यांना वाटावं, समुद्रच आंदण घेऊन आली.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा होता आणि दुष्काळ पडला होता. पाणी इतकं उतरलं, की बुडीतातल्या बाभळींचे बुंधे वर आले. त्यांच्यामधून नाव न्यायची तर शीड हवं तेव्हा झटक्यात खाली यायला पाहिजे. आमचं येत नसे.

सासूबाईंच्या लेखी डोलकाठी म्हणजे मारुती. दर शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर त्या काठीवर थापायच्या. थर बोटभर जाड झालेला, वर उन्हानं चिकट. शीड ज्या लोखंडी कड्यांनी काठीत अडकवलं होतं, त्या कड्या शेंदरात रुतायच्या. दोर सैल सोडला तरी शीड वरच. मग नवरा काठीवर चढून कड्यांना लाथा घालायचा.

मी एकदा खुरपं घेऊन खरडायला गेले. सासूबाईंनी अशी कानफटात दिली, की मी काठावर आडवी.

"देवाचं कातडं सोलतीस, भवाने?"

मी शूर वगैरे काही नव्हते. तोंड दाबून रडले आणि संध्याकाळी त्यांचेच पाय चेपले.

वैशाखात एका दुपारी नवरा, सासूबाई आणि मी, आम्ही तिघंच पलीकडून परत येत होतो. मधोमध आलो आणि वावटळ उठली. तोंडात माती, डोळ्यांत माती. नाव एका अंगावर कलंडून सुसाट सुटली. नवऱ्यानं दोर सोडला. शीड हललं नाही. तो वर चढला, लाथ उगारली, तोच शिडाचा वरचा आडवा बांबू फिरला आणि त्याच्या कपाळावर बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. तो नावेत पडला तो उठलाच नाही. रक्त फळ्यांवरून माझ्या पायापर्यंत आलं.

समोर बाभळीचा बुंधा. त्यावर आदळलो असतो तर नाव फुटली असती, आणि बेशुद्ध माणूस पोहत नाही.

मी नावेत पडलेला विळा उचलला. शीड फाडायचं.

"हात लावशील तर बघ!" सासूबाईंनी माझी वेणी धरून मागं ओढलं. "त्या कापडावर पोट हाय आपलं!"

"आत्याबाई, सोडा! लेक जाईल तुमचा!"

त्या सोडेनात. मी त्यांच्या मनगटाला चावले, रक्त निघेस्तोवर. त्यांनी माझं डोकं फळीवर आपटलं. नाव बुडायला निघालेली आणि आम्ही सासू-सून एकमेकींच्या उरावर! आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मी देवाचा धावा करत होते, आणि तोही काठीवर चिकटलेल्या त्याच देवाचा. अक्कल बघा माझी.

मग सासूबाईंची नजर लेकाच्या तोंडाकडं गेली. त्यांनी माझ्या हातातला विळा हिसकला, फळीवर उभ्या राहिल्या आणि हात पोचेल तिथून खालपर्यंत कापड फाडत आणलं. फाडताना मारुतीला ज्या शिव्या दिल्या, त्या मी इथं लिहीत नाही. वारा फाटक्यातून निसटला, नाव मंदावली. तरी बुंध्यानं बाजूची फळी चिरलीच. मी पदराचे बोळे कोंबत राहिले, त्यांनी वल्हं मारलं.

नवरा वाचला. टाके पडले, एक डोळा बरेच दिवस मिटलेला.

तो खाटेवर असतानाच सासूबाईंनी स्वतः काठी खरडली. निघालेला शेंदूर पाण्यात सोडला, लाकडावर मेण घासलं, कड्या मोठ्या घालून घेतल्या.

"वर न्यायला दोर हाय, मग खाली वढायला का न्हाई?" म्हणाल्या आणि वरच्या बांबूला दुसरा दोर बांधला. हे मला का सुचलं नाही, म्हणून मी दोन दिवस धुसफुसत होते.

कापड शिवून झालं. नवऱ्याला काठावर बसवून आम्ही दोघींनीच शीड चढवलं. त्यांनी तो नवा दोर ओढला. शीड सर्रकन खाली आपटलं. काठावर नवऱ्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि तो तसाच बसून राहिला.

"आता कशाला भितूस रं?" सासूबाई ओरडल्या. "खाली आलं की त्ये!"

मग त्या नावेतून उतरल्या, त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "पुन्यांदा चढव. त्याला सवय होईस्तोवर चढव."