मास्तरांचा हात आणि लेकीचा हात

मास्तरांना एका जागी बसवत नसे. आपल्या शिवणाच्या दुकानात कटिंगच्या टेबलाभोवती दिवसभर फेऱ्या. आज जरा जास्तच, कारण एकोणीस वर्षांची लेक शर्ट बेतत होती आणि चौथ्यांदा तिचा मुंढा, बाही जोडायची गोलाई, चुकला होता. आज नाही जमलं तर तिला कायमची काजं-बटणांवर बसवायची, असं त्यांनी सकाळीच बायकोला ऐकवलं होतं.

लेक तीन वर्षांची असताना जिन्यावरून डोक्यावर आपटली होती. लहान आहे, भरून येईल, असं जो तो म्हणाला. पुढे पंचेचाळिशीत मास्तर स्वतः स्कूटरवरून पडले, तेही डोक्यावरच. दोन महिने कात्री कशी धरायची तेही सुचेना, पण वर्षभरात पहिल्यासारखं बेतायला लागले. तेव्हापासून एकच धोशा : माझ्या जून डोक्याला जमलं, तर हिच्या कोवळ्याला काय धाड भरलीय? काल शिकवलेलं आज कोरं, म्हणजे पोरगी आळशीच.

"सरक, मी दाखवतो," म्हणत त्यांनी टेबलाचा ताबा घेतला. गिऱ्हाइकाने आणलेल्या फोटोतली कॉलर नव्या धाटणीची होती. एकदा कापली, वाकडी. दुसऱ्यांदा, तीच गत. तिसऱ्या वेळी पहिली घडी कुठे घातली होती तेच आठवेना. मास्तरांना घाम फुटला.

मशीन थांबवून बायकोने हळूच विचारलं, "अहो, पडल्यापासून नवीन असं काय शिकलात?"

मास्तरांनी खूप आठवून पाहिलं. एकही गोष्ट सापडेना.

"तुमचं परत आलं, कारण ते आधी हातात होतं. हिचं अजून सगळं शिकायचंच होतं, तेव्हा मार बसला. हिला सगळंच नवीन. हिला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई हेच सांगत होत्या, पण तुम्ही बाहेर फेऱ्या मारत होतात."

लेक मान खाली घालून चिंध्या गोळा करत होती. मास्तरांनी तिच्यापुढे कोरं कापड अंथरलं.

"मुंढा राहू दे. नुसती बाही. महिनाभर बाहीच."

"आणि कॉलर, बाबा?"

"ती अजून मलाच येत नाही."

लेक फिस्सकन हसली. बायकोला त्यांनी काजं-बटणांसाठी दुसरी बाई बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लेक बाही साफ विसरून आली. मास्तरांनी ओठ चावला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.