काकडं आणायला गेले तेव्हा

माझं माहेर खालापूरच्या बाजूचं. सासर कर्जतहून चौकला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी. या दोन गावांपलीकडे मी फारशी कुठं गेले नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, मग धाकटी भावंडं सांभाळली, मग लग्न. स्वभावानं मी बुजरी. चारचौघांत कोणी काही विचारलं तर उत्तर घशाशी यायचं आणि तिथंच राहायचं. सासरी मला एकटीला कोणी कुठं पाठवत नसे. "तिला तोंड नाय," असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या. ते खरंच होतं.

पण बुजऱ्या माणसालाही हौस असते. विहिरीवर जायला दोन वाटा होत्या. एक सरळ देवळावरून, दुसरी सुताराच्या घरामागून. सुताराच्या मागे एक कुत्री होती, ती अंगावर यायची. मी कधीकधी मुद्दाम त्या वाटेनं जायचे. डोईवर भरला हंडा घेऊन, न धावता, तिच्यासमोरून पार झालं की दिवसभर बरं वाटायचं. नदीवर धुणं न्यायचे तेव्हा रोजचा दगड सोडून पलीकडच्या, जिथं पाणी ओढ घेतं त्या दगडावर जाऊन बसायचे. यातलं कोणाला सांगण्यासारखं काही नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी नणंदेचं बाळंतपण आलं. ती चौकला दिलेली. सासूबाई तिच्याकडे गेल्या आणि पहिल्यांदाच चूल माझ्या हातात आली. नेमके ते शेवळांचे दिवस होते.

आमच्या घरी रीत अशी, की भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले आणि पेरणीला हात घालायचा असला, की आधी एक दिवस भाऊबंदांना शेवळांचं जेवण घालायचं. शेवळं म्हणजे रानात जमिनीतून सरळ वर येणारे जांभळट कोंब. थोडेच दिवस मिळतात. चवीला मटणाच्या तोंडात मारतील, पण अळूच्या दसपट खाजरी. ती खाज मारायला काकडं लागतात. काकडं ही डोंगरातल्या एका झाडाची फळं, हिरवी, आवळ्याएवढी, आंबट. ती ठेचून, बी काढून, वाटून भाजीत घातली की खाज जाते. दुसऱ्या कशानं ती पुरती जात नाही.

हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे, तरी चूक होतेच. आदल्या वर्षी शेजारच्या चुलत सासूबाईंना काकडं मिळाली नाहीत, म्हणून त्यांनी चिंचेवर भागवलं. जेवणारे पानावरून उठले ते खाकरतच. एक पाहुणा संध्याकाळपर्यंत ओटीवर गूळ चघळत बसला होता. चुलत सासूबाई म्हणायच्या, त्याला सुपारी लागली. पण गाव काय ते समजलं. वर्षभर कोणाचा घसा बसला की लोक विचारायचे, "काकींकडं जेवलास काय रं?"

आता तसं आमच्या घरात झालं तर काय होईल ते मला दिसत होतं. मामंजींचे भाऊबंद आमच्या पानावर खाकरणार, आणि सासूबाई पुन्हा कधी चूल माझ्यावर टाकून उंबरा ओलांडणार नाहीत.

दरवर्षी वरच्या वाडीतली एक ठाकरीण शेवळं आणि काकडं दोन्ही दारात आणून द्यायची. जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी ती आली. पाटीत शेवळं होती, चांगली कोवळी. काकडं नव्हती.

"काकडं?" मी विचारलं.

"हायत वर झाडाला. काढील कोण? माझा दादला वीटभट्टीवरनं आला नाय अजून. नि मी अशी." तिनं पोटावर हात ठेवला. सहावा-सातवा चालू असेल. "झाडावं चढू का काय आता?"

चुलत सासूबाई आमच्या ओटीवर तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चिंच घाल गं. दोन मुठी जास्त घाल. काय होत नाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू आलं असतं.

ठाकरीण पाटी उचलायला लागली. मी शेवळं सुपात काढून घेतली, चुलीतला जाळ मागं ओढला, दाराला कडी घातली आणि तिला म्हणाले, "चल. मी येते."

चुलत सासूबाईंचं सूप थांबलं. "कुठं निघालीस?"

मी हातानं डोंगर दाखवला.

"त्या ठाकरणीबरोबर? रानात? सासू घरात नाय, नि सून डोंगरावर! अगं बोल की काय तरी!"

मी चालत राहिले.

ओढा ओलांडेपर्यंत पाठीवर त्यांची नजर जाणवत होती. ओढ्यापलीकडे मी एकटी कधी गेले नव्हते. लाकडांना जायचो ते सगळ्या बायका मिळून, तेही कडेकडेनं. ठाकरीण पुढे, मी मागे. पोट घेऊन ती चढत होती तरी मला गाठता येत नव्हती. वाट अशी नव्हतीच. कधी दगडावरून, कधी सुकलेल्या ओहोळातून. मध्येच थांबून ती एखादं पान खुडायची, तोंडात टाकायची, मला द्यायची. काय आहे हे न विचारता मी खाल्लं. एक कडू निघालं. तिला फार हसू आलं.

वाडीच्या वर रानाची सपाटी आहे. काकडाचं झाड तिथं एका घळीच्या तोंडाशी होतं. खालच्या फांद्यांची फळं माकडांनी आधीच नेली होती. उरली होती ती वरच्या फांद्यांवर, घोसाघोसानं.

"चढ," ती म्हणाली.

लहानपणी मी माहेरच्या पेरूवर चढायचे. त्याला बरीच वर्षं झाली होती. मी काष्टा घट्ट केला, पदर कमरेला खोचला आणि बुंध्याला हात घातला. पहिली फांदी पकडेपर्यंत गुडघा सोलला. पुढे सोपं गेलं. मी तोडून खाली टाकायचे, ती पदर पसरून झेलायची.

मग मुंग्या लागल्या. लाल. हातावर, मानेवर, काष्ट्याच्या आत. मला ओरडताही येईना, आणि हात सोडून खाजवताही येईना.

"काय गं, नाचतीस काय झाडावं? ढोल आणू?"

"मुंग्या!"

"मग त्यांचं घर हाय ते! तू पावणी. लवकर तोड नि उतर!"

एवढं मोठ्यानं मी सासरी आल्यापासून ओरडले नव्हते. त्या एका शब्दाचा मलाच अचंबा वाटला. आणि का कोण जाणे, मी लगेच उतरले नाही. आणखी एक फांदी वर गेले. तिथून खालचं सगळं दिसत होतं. भाजलेल्या राबांचे काळे चौकोन, दहिवलीकडं नदीची चकाकी, रुळांवरून सरकणारी गाडी, आणि आमचं घर. काडेपेटीएवढं कौलारू. त्यात मी सकाळपासून रात्रीपर्यंत असते, हे बघून मजा वाटली. मुंग्या चावतच होत्या. मी उरलेला घोस तोडला आणि उतरले.

परतताना ठाकरणीनं वाडीच्या खाली मला सोडलं. "आता वाट कळली ना? जा." तिथून मी एकटी आले. चुकले नाही. एकदा चुकले, पण ओढ्याच्या आवाजावरून सापडली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक केला. शेवळं सोलली, आतला पिवळा खडबडीत भाग काढून टाकला, बारीक चिरली, काकडं वाटून घातली, सुकट घातली. आता अडचण अशी, की आमच्या घरात रांधलेलं चाखायची पद्धत नव्हती. आधी देवाचा नैवेद्य, मग पुरुषांची पानं, मग बायका. म्हणजे खाज गेली की राहिली, हे मला जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघूनच कळणार होतं.

पानं मांडली. मामंजी, त्यांचे भाऊबंद, आणि वाढायला मदत म्हणून चुलत सासूबाई. मी डोक्यावरून पदर घेऊन भाताची परात धरून उभी. पहिला घास गेला. शेवळाची खाज लगेच येत नाही, जरा दमानं येते. एक म्हातारे चुलत सासरे खाकरले. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "मिरची चांगली हाय."

चुलत सासूबाईंना राहवलं नाही. "खाजंल कशी? काकडं काढायला तुमची सून झाडावं चढली होती म्हणं. डोंगरावर जाऊन."

सगळ्यांचे हात थांबले. मामंजींशी मी तोवर थेट कधी बोलले नव्हते. काही लागलं तर सासूबाईंमार्फत. त्यांनी मान वर केली.

"कुठलं झाड?"

मधे बोलायला कोणी नव्हतं. म्हणून मीच बोलले, "घळीतलं. वाडीच्या वरचं."

"कोण चढलं?"

"मी."

"त्याला मुंग्या असतात."

"होत्या," मी म्हणाले.

कोणीतरी हसलं. मग मामंजींनी पान थोडं पुढं सरकवलं. "भाजी वाढ."

मी वाढली. त्यानंतर बाकीच्यांनीही मागितली. बायकांची पंगत बसली तेव्हा टोपात तळाशी थोडी उरली होती. ती मी खाल्ली. खाजत नव्हती, पण मीठ जरा कमी पडलं होतं. ते कोणी बोललं नव्हतं.

सासूबाई चौकहून आल्या तेव्हा त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. घरात पाऊल टाकायच्या आत चुलत सासूबाईंनी गाठलं असणार. मला वाटलं, आता बोलणी बसतील. त्यांनी पाय धुतले, चहा घेतला, माझ्या मानेवरचे लाल डाग बघितले आणि खोबरेल आणून दिलं. मग म्हणाल्या, "चढायच्या आधी बुंध्याला राख चोळायची. एवढं तरी विचारायचं कोणाला."

विचारलं असतं तर जाऊ दिलं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी शेवळं आली तेव्हा ठाकरणीबरोबर कोणी जायचं याची चर्चाच झाली नाही. सासूबाईंनी पाटी आणि राखेची पुडी माझ्या हातात दिली. मी ओढ्याशी पोचते तोच मागून हाक आली. चुलत सासूबाई हातात रिकामी टोपली घेऊन धापा टाकत येत होत्या.

"थांब गं! माझ्यासाठीपण आण पसाभर."

मी टोपली घेतली. "वर या की," मी म्हणाले. "माकडं हायत, बघायला मजा येते."

"वेडी झालीस काय," त्या म्हणाल्या आणि ओढ्याच्या अलीकडेच उभ्या राहिल्या.