सुदामची वाक्यं

सुदाम गेल्याचं त्याच्या मुलीनं, वंदनानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी पूर्णा गावातच होतो, त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर. पण त्या घरी मी चार वर्षं गेलो नव्हतो...

सुदाम रेल्वेत पॉइंट्समन होता, गाड्यांसाठी रूळ बदलणारा. निवृत्तीनंतर तो मोबाइलवर स्पॅनिश शिकला, कारण स्पेनमध्ये असलेल्या मुलाची लेक तेवढीच भाषा बोलायची. एकेका क्रियापदाचे तीन-तीन अर्थ बघून तो आधी गांगरला. मग त्यानं स्वतःची रीत काढली. अर्थ पाठ करायचे नाहीत, प्रत्येक अर्थाला आपल्या चुडावा गावातलं एक वाक्य वहीत लिहायचं. ‘तोकार’ म्हणजे हात लावणं, वाजवणं आणि नंबर येणं. त्यानं लिहिलं : गरम तव्याला हात लावू नको, किसन हलगी वाजवायलाय, आता नळावर शांताबाईचा नंबर. शेजारी कोणता शब्द बसलाय ते बघितलं की अर्थ कळतो, असं तो मला समजवायचा.

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. त्याची ती वही तपासून देतो म्हणून घेतली. बोली काढून टाकली, किसनचा ‘कलाकार’ केला, शांताबाईची ‘महिला’, आणि पुस्तिका माझ्या नावानं छापली. आभारातही सुदाम नव्हता. परभणीत माझा सत्कार झाला तेव्हा तो शेवटच्या रांगेत बसला होता. बाहेर चहा घेताना एवढंच म्हणाला, “गुरुजी, वाक्यं लय साफ केली तुमी. पण आमच्या गावचं कुणीच राह्यलं न्हाई त्यात.” मी हसण्यावारी नेलं. नंतर त्याला टाळतच गेलो.

तो गेल्यावर भेटायला गेलो, तर वंदना म्हणाली, “काका, तुमी शिकवलं म्हणून बाबा नातीशी बोलू शकले. सगळ्यायला सांगायचे ते.” त्यानं घरातही माझी लाज राखली होती. मी मान हलवली आणि परत आलो.

मी त्याला काहीही शिकवलं नाही. ती पुस्तिका त्याची आहे. इथपर्यंत लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी, हे वंदनाला वाचून दाखवलं. ती आत जाऊन पुस्तिकेची त्याची प्रत घेऊन आली. “तरीच त्यांनी हे लिवून ठेवलंय,” म्हणाली.

माझ्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीनं त्याचं मूळ वाक्य होतं. मुखपृष्ठावरच्या माझ्या नावाला मात्र त्यानं हात लावला नव्हता.

प्रत आता माझ्याकडे आहे. दुपारी मी एकेक क्रियापद मोठ्यानं वाचतो. उच्चार चुकत असणार... सांगायला कुणी नाही.