किडनीच्या फोटोआधीची तालीम

माझ्या बायकोच्या मामेभावाइतका चुळबुळ्या माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि हाच गृहस्थ एमआरआय सेंटरमध्ये दिवसभर लोकांना ‘हलू नका’ असं सांगून पोट भरतो. चहा तो गल्लीत येरझारा घालत पितो. पंगतीत बसला, तर दुसऱ्या घासाला उठून वाढायलाच लागतो. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरी तेवढी स्पष्ट आली आहे. नवरदेव फेट्यावरून अंदाजाने ओळखावा लागतो. आमची मुलगी ओवी त्याला मामा म्हणते, म्हणून आम्हीही.

ओवीची उजवी किडनी जन्मापासून सुजलेली. ती पाच वर्षांची झाली तेव्हा नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोणती किडनी किती काम करते ते आधी पाहू, मग ऑपरेशनचं ठरवू. एवढ्या लहान जिवाला किरणोत्सर्ग नको, म्हणून त्यांनी एमआरआय सुचवला. पण त्यात बराच वेळ अजिबात न हलता पडून राहायचं, नाहीतर भूल द्यायची. भूल म्हटल्यावर बायकोचा चेहरा उतरला.

हे कळताच मामा रजा टाकून पहिल्या एसटीने आमच्याकडे नांदेडला आला. ओवीला जेवणाच्या टेबलाखाली निजवलं आणि स्टीलचं ताट बडवत तोंडाने ‘ढग् ढग्, टर्रर्र’ सुरू केलं. “मशीन असंच वरडतंय बघ. हललीस की डाव पुन्हा पहिल्यापासून,” त्याने बजावलं. शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या. तिसऱ्या दिवशी ओवी त्या गोंगाटात चक्क झोपली, आणि मामाचा घसा बसला.

तपासणीच्या दिवशी लातूरला, त्याच्याच सेंटरमध्ये, त्याने मशीन जोडीदाराच्या हवाली केलं आणि स्वतः आत तिच्या पायाशी उभा राहिला. मी काचेतून बघत होतो. पाऊण तास तिच्या पायाचा अंगठा धरून तो माणूस जागचा हलला नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, “दाजी, बटणं मी दाबली असती तर एखादं चुकलं असतं. लई भ्याव वाटत होतं.”

उजवी किडनी कामात डावीपेक्षा थोडी मागे होती, पण पुरेसं करत होती. ऑपरेशन टळलं.

आता वर्षातून एकदा नांदेडातच सोनोग्राफी होते, त्यामुळे लातूरला जाणं जवळपास थांबलंय. त्या दिवशी संध्याकाळी मामाचा फोन मात्र येतो. खुशाली विचारणं वगैरे काही नाही.

“दाजी, किडनी काम करायलीय न?”

“हो, करायलीय,” मी सांगतो.

मग पलीकडे येरझारा घालणाऱ्या त्याच्या चपलांची फटफट थांबते, पण फोन तो ठेवत नाही. मीही तो कानाला तसाच धरून बसतो.