पोर्ट बरोबर लिहिला म्हणून नापास

अन्याय झाला तो माझ्या वर्गमैत्रिणीवर, वैरागहून रोज एसटीनं सोलापूरला येणाऱ्या मुलीवर. गेल्या हिवाळी परीक्षेत, नेटवर्कच्या प्रात्यक्षिकाच्या शनिवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. गुन्हा एवढाच, की तिनं प्रोग्राम बरोबर लिहिला. पुढच्याच महिन्यात नोकरीच्या मुलाखती होत्या आणि एकही विषय राहिलेला चालणार नव्हता.

आमच्या कॉलेजात पुस्तक कुणी उघडत नाही. गेटसमोर तयार प्रोग्रामची झेरॉक्स मिळते, तीच सगळे पाठ करतात. एका मशीननं दुसरीशी बोलायचं तर पत्ता एका ठरलेल्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे रकान्यांच्या चौकटीत, भरावा लागतो: पत्त्याचा प्रकार, पोर्ट म्हणजे मशीनवरच्या दाराचा नंबर, आणि आयपी म्हणजे मशीनचा नंबर. झेरॉक्सवर नेमकं त्याचं स्पष्टीकरण काळं पडलेलं. कुठलं फंक्शन कसं वापरायचं ते सांगणारी मदतीची पानं लॅबच्या मशीनवर कुणी टाकलीच नाहीत. इंटरनेट बंद, कारण म्हणे पोरं रील बघतात.

मग आम्ही दोघी स्टँडवर, तिची गाडी लागेपर्यंत, माझ्या मोबाइलवर ती पानं शोधायचो. सगळी इंग्रजीत. एक पान म्हणायचं अमकं बघा, ते म्हणायचं तमकं बघा.

"तहसील कचेरी हाय का काय ही?" ती म्हणायची. "ह्या खिडकीवरनं त्या खिडकीवर."

शेवटी सापडलं. पोर्टचा आकडा तसाच भरायचा नसतो. आपली मशीन त्याचे बाइट ज्या क्रमानं ठेवते, नेटवर्कला ते उलट लागतात. म्हणून आधी एका फंक्शनमधून काढायचा. झेरॉक्समध्ये ते फंक्शन सर्व्हरला, म्हणजे वाट बघत बसणाऱ्या प्रोग्रामलाही नव्हतं, आणि क्लायंटला, म्हणजे त्याला जोडायला जाणाऱ्यालाही नव्हतं. दोन्हीकडं एकच चूक, म्हणून दोन्ही बिनबोभाट जुळत आले.

परीक्षेत तिला सर्व्हर लिहायची चिठ्ठी आली. तपासायला सरांनी लॅबचा तयार क्लायंट चालवला, झेरॉक्सवरनंच टाइप केलेला. तो भलत्याच पोर्टवर जाऊन धडकला.

"चालंना की गं."

"सर, क्लायंट चुकलाय. पान दाखवते."

"सगळ्या वर्गाचं चालतंय, आन् तुझं एकटीचंच बरोबर व्हय?"

मोबाइल बाहेर जमा. दाखवणार कशावर? वर्ग हसला. मी उठून बोलायला लागले, तर सर म्हणाले, "वकीलबाई, तुमी तुमचं बघा."

सरांनी तिला नापास केलं. आम्ही फेरतपासणीचा अर्ज दिला. पत्रक काढून गेटवर वाटलं. लोकांनी त्यात वडापाव गुंडाळला. विभागप्रमुख एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी झेरॉक्सप्रमाणं लिही म्हणावं तिला."

तिनं तसंच लिहिलं. पास झाली. तोवर मुलाखती संपल्या होत्या. आता ती वैरागात मोबाइलच्या दुकानात रिचार्ज मारते, आणि मी नेटवर्कचा विषय काढला की म्हणते, "जाऊ दे गं, लई झालं ते."

झेरॉक्स अजून तीच विकली जाते. बदलेल असं मला वाटत नाही. तरी तुमची पोरगी अशा कॉलेजात शिकत असेल, तर येत्या सोमवारी तिच्या लॅबमध्ये जा. मशीनवर मदतीची मूळ पानं उघडून दाखवा म्हणा. ती पानं दिसेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.