जोतीरामअप्पांचा स्वतंत्र सर्व्हर

दहिवडीच्या स्टँडमागं माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सातबारा, फॉर्म, झेरॉक्स, सगळं करते. शिव्या फुकट देते. माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात भला माणूस म्हणजे जोतीरामअप्पा, आणि सगळ्यात जास्त शिव्याही त्यांनीच खाल्ल्यात.

अप्पा घोंगड्या विणतात. घरात दोन माग, आणि लोकर कातायला त्यांची बायको, हरणाकाकी. एकुलता एक पोरगा ज्ञानू आठ वर्षं मुंबईत हमाली करतोय. गेल्या वर्षी महाबळेश्वरच्या एका हॉटेलनं खोल्यांसाठी तीनशे घोंगड्या घ्यायचं काढलं. अंगाला टोचलं की तिथल्या पाहुण्यांना वस्तू अस्सल वाटते म्हणे! एवढं काम मिळालं तर तिसरा माग टाकायचा आणि ज्ञानूला घरी बोलवायचं, असं अप्पांनी ठरवलं. काकींनी तर त्याची वाकळ धुऊन वाळतही घातली.

हॉटेलवाल्यांना सगळं ईमेलवर पाहिजे. मी अप्पांना धंद्याच्या नावाचा ईमेल काढून दिला, स्वस्तातला, सामाईक सर्व्हरवरचा. म्हणजे शेकडो अनोळखी धंदेवाले एकाच यंत्रातून पत्रं पाठवणार. त्यातल्या कुठल्याशा दिवट्यानं टक्कल घालवायच्या औषधाच्या लाखभर जाहिराती सोडल्या आणि ते यंत्रच बदनाम झालं. अप्पांचं पहिलं पत्र हॉटेलच्या कचऱ्याच्या फोल्डरात जाऊन पडलं.

"अप्पा, स्वतःपुरता सर्व्हर घ्या," मी म्हटलं.

"आवं समीनाबाय, आमच्या हिरीवर पाच घरं पाणी घेत्यात. पाळीनं. कवा भांडण न्हाई."

"हिरीवरची पाच घरं तुमाला ठावं हायत. हितं शेजारी कोण, ते सर्व्हरवाल्यालाबी म्हाईत न्हाई!"

हे त्यांना पटलं. स्वतंत्र सर्व्हर घेतला, पत्रं नीट जायला लागली, हॉटेलवाल्यांनी सोमवारी पाचपर्यंत पक्कं दरपत्रक मागितलं. मी आपली खूश.

पण आमचा माण तालुका दुष्काळी. इथं बोअरला पाणी लागलं की शेजाऱ्याचा पाइप न विचारता येतो, आणि नाही म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा कुणी चहाला जात नाही. अप्पांनी सर्व्हरलाही तेच लावलं. पारावर जाऊन सांगितलं, "आपल्याकडं जागा लय हाय, कुणाला पायजे?" पासवर्ड दिला वीरधवलला. त्यानं स्वतःचं खातं काढलं, मग गिरणीवाल्याचं, बँडवाल्याचं, बोकडांच्या दलालाचं, अशी आठ खाती. मला पत्ताच नाही.

हा वीरधवल म्हणजे भावी सरपंच. असं त्याच्या स्वतःच्याच फ्लेक्सवर लिहिलंय. शनिवारी त्याचा वाढदिवस झाला. शुभेच्छांबद्दल आभाराचं पत्र, गॉगल घातलेल्या फोटोसकट, त्यानं सहा हजार पत्त्यांवर धाडलं. त्यातल्या एकानंही त्याला शुभेच्छा दिल्या नव्हत्या.

सोमवारी सकाळी मी दरपत्रक पाठवलं आणि ते फट्‌दिशी परत आलं. वीरधवलच्या आभारांपायी अप्पांचा सर्व्हर नकोशी पत्रं सोडणाऱ्यांच्या काळ्या यादीत! या वेळी दोष द्यायला अनोळखी शेजारीही नव्हता.

मी अप्पांना बोलावून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोलले. "आठीच्या आठी खाती काढून टाका. त्याबिगर यादीतून नाव निघायचं न्हाई."

अप्पा गुडघ्यावर हात ठेवून बसले. "दिल्यालं कसं काढून घिऊ? गावात त्वांड कसं दावू?"

"मग ज्ञानूला सांगा, मर म्हणावं तिथंच मुंबईत!"

बोलायला नको होतं. म्हाताऱ्याचे डोळे भरले. मला माझीच लाज वाटली.

दारात हरणाकाकी उभ्या होत्या, अप्पांचा डबा घेऊन. माझ्या दुकानात आजवर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"समीना, काढ सगळी."

"अगं, वीरधवलला काय वाटंल?" अप्पा म्हणाले.

"त्येचा वाढदिस दरसाली येतुया. माझं प्वार आठ सालांत चारदा आलंय."

मी आठही खाती उडवली, पासवर्ड बदलला, यादीवाल्यांना अर्ज केला आणि घड्याळाकडं बघत बसले. काकी डबा मांडीवर घेऊन तिथंच. जेवलं कुणीच नाही. चार वाजून दहा मिनिटांनी नाव निघालं. दरपत्रक गेलं, आणि दहा मिनिटांत हॉटेलचं उत्तर आलं: मिळालं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, खोटं कशाला बोलू?

काम तीनशेचं नाही, दोनशेचं मिळालं. तिसऱ्या मागाला तेवढं पुरलं. वीरधवल अजून अप्पांशी बोलत नाही. गिरणीवाला त्यांचं दळण मुद्दाम भरड काढतो. काकी म्हणतात, भरड तर भरड.

परवा ज्ञानू ईमेल शिकायला दुकानात आला. काकी सोबत होत्याच, त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून. अप्पांच्या सर्व्हरवर आता भरपूर जागा रिकामी, म्हणून मी विचारलं, "काकी, ज्ञानूच्या नावानं येक खातं काढू का?"

"कशाला गं?" काकी म्हणाल्या. "आता घरातच हाय की त्यो."