दादा आणि पाण्याचं धुकं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववीच्या वर्गावर होते. जहाजाच्या इंजिनरूममध्ये आग लागली आणि तिथला सेकंड इंजिनिअर, माझा भाऊ विलास, धुरात गुदमरून गेला, एवढंच कंपनीनं कळवलं. बाकीचं सगळं नंतर, काही आठवड्यांनी समजलं, आणि तेव्हापासून माझं डोकं शांत नाही.

गेल्या सुट्टीत त्यानं आमच्या उचगावच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात डिझेल पेटवलं आणि पिकावर औषध फवारायच्या पंपात पाणी भरून उभा राहिला. आई ओरडली, "आरं, त्याल पेटलंय आन् पाणी मारतोस व्हय? भडकंल की!" दादा हसला. "ओतलं तर भडकंल. धुकं केलं तर न्हाय." बारीक फवारा बसला, वाफ उठली आणि आग विझली. जहाजावर जनरेटरच्या वर असेच फवारे असतात, आग लागली की आपोआप सुटतात, असं तो सांगत होता. मग त्यानं पंप खाली ठेवला. "पण आमच्याकडं बंद ठेवल्यात, सुमे. एकदा उगाचच सुटलं, मशिनं भिजली, तर सायबानं पाण्याचा व्हॉल्व्हच आवळून टाकला. दुरुस्ती दर येळी पुढच्या बंदरात म्हणं. किती भांडलो!"

"मग जाऊ नकोस," मी म्हटलं.

"मी न्हाय गेलो तर दुसरं कोण तरी जाईल की."

तो गेला, त्याच जहाजावर. त्याच्याबरोबरचे रत्नागिरीचे एक खलाशी घरी येऊन रडत सांगून गेले. फुटलेल्या नळीतून तेल तापल्या जनरेटरवर उडालं. आपोआप काही सुटलं नाही, म्हणून दादानं दाराजवळचं बटण दाबलं, पंप सुरू झाला, पण फवारा आलाच नाही. धुरात कोसळलेल्या त्यांनाच दादानं बाहेर ओढलं आणि व्हॉल्व्ह उघडायला परत आत गेला. उघडलाही. आग विझली... तो बाहेर आला नाही.

कंपनीचा माणूस आमच्या सोफ्यावर बसून म्हणाला, "सिस्टिम चालली म्हणून जहाज वाचलं, मॅडम."

"चालली? ती माझ्या भावानं चालवली!" मी ओरडले. त्यानं मान हलवली आणि चहा संपवला. व्हॉल्व्ह दुरुस्तीविना बंद का ठेवला, याचं उत्तर कंपनी आजही देत नाही.

सुट्टीवर आला की दादा गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून बघायचा. परवा वर गेले तर आई तेच करत होती. उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची.

"आई, चालू हाय की तो."

"असू दे," ती म्हणाली, "जाम व्हायला नगं."